मागच्या खोलीतलं बांडगूळ

कोपरच्या त्या घरात माणसं पंख्याखाली झोपत आणि झाड एसीत झोपे. ही गोष्ट बायजाने टिटवाळ्यात आजवर कोणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर लोकांनी तिच्या भावाला वेडा ठरवलं असतं, आणि भावाला वेडा म्हणायचा हक्क तिने फक्त स्वतःकडे ठेवला होता. तो ती सढळ हाताने वापरी.

दोन बेडरूमचं घर. एका खोलीत सुदेशचा मुलगा ऋतुराज आणि सून ऐश्वर्या. दुसरी मागची, खिडकीला हिरवी जाळी लावलेली, ती झाडाची. आणि घराचा मालक, सदुसष्ट वर्षांचा सुदेश, गेली सहा वर्षं हॉलमधल्या दिवाणावर टीव्हीकडे पाय करून झोपत होता. वहिनी जिवंत असती तर हे चाललं असतं का, असं बायजा दर भेटीत विचारी आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच नाही म्हणून टाकी.

सुदेशने कोलशेतच्या एका औषधांच्या कंपनीत चौतीस वर्षं शीतगृहाच्या मशिनी सांभाळल्या. निवृत्तीच्या दिवशी बाकीच्यांनी शाल-श्रीफळ दिलं, आणि दार्जिलिंगकडच्या एका सोबत्याने लाकडी पट्ट्यांची टोपली दिली. तिच्यात शेवाळात गुंडाळलेलं हे ऑर्किड. थंड डोंगरातल्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. शहाण्या माणसाने ते तिथल्या तिथे कोणाच्या तरी गळ्यात मारलं असतं. सुदेशने घरी आणलं. मग कुठूनसा जुना एसी आणून, सोळाच्या खाली जायचं नाव न घेणाऱ्या त्या यंत्राची आतली तार न् तार बदलून, थंडीच्या रात्री त्याला बारापर्यंत उतरवलं. कंपनीत शिकलेली सगळी विद्या त्याने त्या एका टोपलीवर ओतली. आणि झाडाने सहा वर्षांत काय दाखवलं? पानं. पानांखाली हिरव्या लिंबांएवढे गड्डे, तेही थंडीत सुरकुतायचे. फुलाचं नाव नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस सुदेशच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. कल्याणच्या हॉस्पिटलात बुधवार ते रविवार राहायचं होतं. बायजा मंगळवारीच हजर झाली, भावाचं करायला म्हणून. दोन बॅगा घेऊन आली. ऐश्वर्याने एक उचलली आणि म्हणाली, आत्या, चार दिवसांसाठी एवढं काय आणलंत? बायजाने तिला सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला औषधंच बॅगभर लागतात.

औषधं एका पिशवीत मावली असती. दुसऱ्या बॅगेत तिचे स्वेटर होते, सगळी लुगडी होती, नवऱ्याचा फोटो होता आणि तळाशी, टॉवेलात गुंडाळलेला, देवांचा डबा होता. चार दिवसांसाठी देव घेऊन कोणी येत नाही. पण हे ऐश्वर्याला कळायचं काही कारण नव्हतं. तिच्या घरातले देव फ्रिजच्या वर असत.

बुधवारी निघताना सुदेशने बायजाच्या हातात एक कागद दिला. ऐश्वर्या ऑफिसला जाणार, ऋतुराज हॉस्पिटल आणि काम यात अडकणार, तेव्हा झाडाचं बायजानेच बघायचं होतं. कागदावर लिहिलं होतं की नळाचं पाणी घालू नये. गॅलरीतल्या निळ्या पिंपात पावसाचं साठवलंय, त्याचा फवारा फक्त सकाळी मारावा. छोटा पंखा दिवसरात्र एकवर ठेवावा. थेट ऊन लागू देऊ नये. शेवटची ओळ होती, हात लावू नये, आणि तिच्याखाली दोन रेघा.

"अख्खी डोंबिवली जे पाणी पिते ते याला चालत नाही," बायजा ऐश्वर्याला म्हणाली. "माझ्या महेंद्रचे बाबा आयसीयूत होते तेव्हा डॉक्टरांनी मला इतकं सांगितलं नव्हतं."

ऐश्वर्या खूप हसली. सासऱ्याच्या झाडावर कोणी बोललं की तिला बरं वाटे. बायजालाही बरं वाटलं, कारण ती हसली तर राहू देईल, असा एक हिशोब बायजाच्या मनात मंगळवारपासून चालू होता. त्या हिशोबाची तिला लाज वाटत होती, म्हणून ती झाडाला आणखी दोन शब्द बोलली.

बुधवारची रात्र तिने हॉलमध्ये गादी घालून काढली. दिवाणावर तिला चढता-उतरता येत नव्हतं, आणि गादीवरून उठायला गुडघे परवानगी देत नव्हते. भिंतीपलीकडे एसी घरघरत होता. सकाळी ती फवाऱ्याची बाटली घेऊन मागच्या खोलीत गेली आणि पहिल्यांदाच तिने त्या झाडाकडे नीट बघितलं.

काय ती अवस्था. टोपलीत मातीचा कण नाही. शेवाळ, झाडाच्या सालीचे तुकडे, आणि पट्ट्यांच्या फटींतून बाहेर आलेली पांढरी मुळं हवेत उघडी लोंबतायत. वर गड्डे सुरकुतलेले. सहा वर्षं या माणसाने झाड उपाशी ठेवलं आणि वर त्याला थंडीत कुडकुडवलं. बायजाचं लहानपण कोकणात गेलं, लग्नाआधी तिने हाताने भात लावलं होतं. उघडी मुळं तिला बघवत नसत. हात लावू नये म्हणे. हात लावला नाही म्हणूनच ही दशा झाली होती.

अकरापर्यंत तिने सगळं केलं. स्टेशनजवळच्या रोपंवाल्याकडून लाल माती आणली, मागल्या चाळीतल्या म्हात्र्यांच्या गोठ्यातून शेणखत आणलं, रंगाची रिकामी बादली धुतली. मुळं लाकडाला चिकटून बसली होती, ती सुरीने सोडवली. खाली वाळक्या सालीत गुंडाळलेले दोन कोंब लोंबत होते, कुजल्यासारखे, ते खुडून टाकले. झाड गळ्यापर्यंत मातीत पुरलं, माती दाबली, नळाचं दोन तांबे पाणी घातलं आणि बादली गॅलरीत उन्हात ठेवली. हात धुताना तिला वाटलं, आपल्या हातून आज एक पुण्याचं काम झालं.

मग मागची खोली मोकळी राहिली. रिकाम्या खोलीत एसी कशाला, म्हणून तिने तो बंद केला. खिडकी उघडली. कोपऱ्यात सुदेशची घडीची खाट होती, ती उघडली, जरा पाठ टेकू म्हणून आडवी झाली, आणि चार वाजेपर्यंत झोपली. उठली तेव्हा तिने दुसरी बॅग तिथे आणली. झाडाच्या रिकाम्या मांडणीवर टॉवेल अंथरून देव मांडले, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदेवीचा टाक. दिवा लावला. झाडाची दया आली म्हणून खोली मोकळी झाली, की खोली हवी होती म्हणून झाडाची दया आली, हे तिने स्वतःला विचारलं नाही. बाकी सगळ्यांना प्रश्न विचारायची तिला सवय होती.

*

रविवारी सकाळी सुदेशची मुलगी सान्वी ठाण्याहून आली. बापाला घरी आणायला ऋतुराज गेला होता. सान्वीने गॅलरीतली बादली बघितली, मागची खोली बघितली, आणि आत्याला मिठीच मारली.

"आत्या, तू ग्रेट आहेस," ती म्हणाली. "सहा वर्षं कोणाची डेअरिंग नाही झालेली."

ऐश्वर्यानेही मान डोलावली. गुरुवारी संध्याकाळी तिनेच बादली बघितली होती आणि काही न बोलता चहा टाकला होता, आत्यासाठी आलं घालून. आज चहा पिता पिता दोघी नणंद-भावजया कधी नव्हे त्या एका बाजूला झाल्या. बाबांना समजवायचं, झाड जगणार नव्हतंच, आता जरा माणसांचा विचार करा. बायजा मधोमध बसली होती आणि दोघी तिला बिस्किटं पुढे करत होत्या. अशी किंमत तिला टिटवाळ्याच्या घरात गेल्या दहा वर्षांत मिळाली नव्हती.

बिस्किटं संपायच्या आत सान्वी म्हणाली की ती घरी चॉकलेटं करते, सासूबाई किचनमध्ये हात लावू देत नाहीत, आणि चॉकलेटला एसी लागतो, तेव्हा मागची खोली तिला आयतीच होईल. ऐश्वर्याचा चेहरा उतरला. ती म्हणाली की ऋतुराज तीन वर्षं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मीटिंगा करतोय आणि कुकरची शिट्टी झाली की त्याचा साहेब विचारतो हा आवाज कसला, तेव्हा खोलीवर आधी त्याचा हक्क. सान्वी म्हणाली, दादाला अख्खं घर आहे. ऐश्वर्या म्हणाली, तुम्हालाही ठाण्यात अख्खं घर आहे. दोघींनी मिळून झाड पुरलं होतं आणि त्याचं बारावं व्हायच्या आत वाटणीवर आल्या होत्या. बायजा मनातल्या मनात म्हणाली, शाबास.

मग दोघींना एकदम आठवलं की खोलीत कोणाच्या तरी बॅगा आहेत.

"आत्या, तुम्ही परवा निघाल ना?" ऐश्वर्याने गोड आवाजात विचारलं. "म्हणजे लगेच रंग काढून घेता येईल."

"बघू," बायजा म्हणाली, आणि कप विसळायला उठली. सिंकपाशी ती बराच वेळ उभी राहिली. तीन कपांना तेवढा वेळ लागत नाही.

*

सुदेश पोटावर हात धरून, एकेक पाऊल मोजत आत आला. कोणी पाणी विचारलं, कोणी उशी आणली. तो थांबला नाही. सरळ मागच्या खोलीपाशी गेला, दार लोटलं आणि उंबऱ्यात उभा राहिला.

बायजा त्याच्या मागे होती. त्याला काय दिसतंय हे तिलाही दिसत होतं. बंद एसी, उघडी खिडकी, खाटेवर तिची गोधडी, आणि जिथे टोपली टांगायची तिथे तिचे देव, समोर तेवता दिवा. तो देवांकडे फार वेळ बघत राहिला. मग वळला आणि गॅलरीत गेला.

तीन दिवसांच्या उन्हाने पानं पिवळी पडून करपली होती. माती चिखल होऊन वर दुर्गंध धरायला लागली होती. त्याने बोट घालून बघितलं.

"बाबा, आमच्यापैकी कोणी टच पण नाही केलेला," ऋतुराज म्हणाला. "आत्याने केलंय."

ऐश्वर्या म्हणाली, ती तर ऑफिसला गेलेली. सान्वी म्हणाली, ती आज सकाळीच आली. एकही शब्द खोटा नव्हता. तासाभरापूर्वी बिस्किटं पुढे करणारे हात आता मागे बांधलेले होते. बायजाला त्यांचा राग आला नाही. एवढ्याच पाण्याची पोरं आहेत ही, हे तिला आधीच माहीत होतं.

"मीच केलं," ती म्हणाली. "उघडी मुळं बघवली नाहीत."

सुदेशने प्लास्टिकचं स्टूल ओढलं, टाके सांभाळत बसला आणि निळ्या पिंपातलं पाणी घमेल्यात मागितलं. पोरं दारात उभीच राहिली. पाणी बायजाने आणलं. त्याने झाड अलगद वर काढलं आणि मुळं पाण्यात धरून बोटांनी एकेक मोकळं करायला लागला. माती सुटली तशी अर्धी मुळं काळी निघाली, चिमटीत धरली की नुसती साल हातात येई.

"कोंब कुठायत?" त्याने विचारलं.

"कुठले?"

"दोन होते. खाली लोंबणारे. वाळक्या सालीतले."

"ते कुजले होते. खुडले."

सुदेशचे हात पाण्यातच थांबले. "त्यात कळ्या होत्या, आक्का. पहिल्यांदाच धरल्या होत्या. मी घरी येईन तेव्हा उमलल्या असतील असं धरून चाललेलो."

बायजाने आयुष्यात कोणाची माफी मागितली नव्हती, नवऱ्याचीसुद्धा नाही. आता मागावी असं तिला फार वाटलं, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. ती म्हणाली की मातीशिवाय कधी झाड असतं का, दुसऱ्याच्या फांदीवर बसून खाणारं हे बांडगूळ, अण्णा असते तर कोयत्याने उतरवलं असतं.

"बांडगूळ नाही ते." सुदेश खाली बघूनच बोलत होता. "बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालतं, रस पितं. हे झाडाचं काही घेत नाही. नुसती बसायला फांदी मागतं, बाकी वाऱ्यापावसातून त्याचं ते भागवतं. मातीत घातलं तर गुदमरतं. आपल्या आंब्यावरची आमरी विसरलीस? तीही याच्याच जातीची. अण्णा बांडगुळं काढायचे, तिला ठेवायचे. तूच तर माळायचीस."

बायजाला आंबा आठवला, गुलाबी तुरा आठवला, आणि खांद्यावर कोयता घेऊन आमरीला वळसा घालणारे वडील आठवले. हे सगळं तिला ठाऊक होतं. पन्नास-साठ वर्षांत विसरली होती, किंवा गुरुवारी सकाळी आठवायचं नव्हतं.

ऋतुराज पुढे झाला. बाबांनी आता इमोशनल होऊ नये, झाड गेलेलं आहे, आणि खोलीचं काय करायचं ते एकदा बसून ठरवू, असं तो म्हणाला. सान्वीने लगेच चॉकलेटचं काढलं. ऐश्वर्याने टेबलाचं काढलं. पाच मिनिटं तिघं एकमेकांना तोडत बोलत होते आणि सुदेश कात्रीने काळी मुळं कापत होता. शेवटी त्याने कात्री पुसली.

"पाठचे तीन गड्डे जातील," तो म्हणाला. "पुढचे राहतील." मग बहिणीकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाला, "आक्का, देव का आणलेस?"

पोरांना काही उमगलं नाही. बायजाला खोटं बोलता आलं असतं. पूजा चुकू नये म्हणून आणले, इतकं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिने पदराने हात पुसले.

"महेंद्रने तुमच्या कोलशेतला घर घेतलं. अठराव्या मजल्यावर."

"किती खोल्या?"

"तीन."

"मग?"

"एक त्यांची. एक पोरांच्या अभ्यासाची. एकीत सूनबाईची आई येऊन राहिलीय." तिने पदर खांद्यावर ओढला. "थोडे दिवस मामाकडे राहा म्हणाला. टिटवाळ्याचं घर विकलं. चाव्या मंगळवारी दिल्या."

ऐश्वर्याने ऋतुराजकडे बघितलं, ऋतुराजने फोनकडे. बायजाला त्या क्षणी स्वतःची इतकी शिसारी आली की बॅगा घेऊन रस्त्यावर जाऊन उभं राहावं असं वाटलं. जन्मभर लोकांना तोंडावर सुनावलं, आणि आता लोकांच्या गॅलरीत उभी राहून जागा मागत होती, तीही भावाच्या कळ्या खुडून.

"मागच्या खोलीत झाड राहील," सुदेश म्हणाला, "आणि आक्का राहील."

त्यावर जे झालं ते बघण्यासारखं होतं. तिघांनाही एकदम आत्याच्या तब्येतीचा कळवळा आला. ऋतुराज म्हणाला, एसीत आत्याचे गुडघे धरतील. ऐश्वर्या म्हणाली, या वयात छाती भरते. सान्वी म्हणाली, बाबा, हे क्रूएल आहे. बायजाच्या गुडघ्यांची एवढी काळजी त्या घरात आजवर कोणी केली नव्हती.

"बाराची थंडी संपली," सुदेश म्हणाला. "आता अठरा पुरे. स्वेटर आणले असशीलच तू."

"अठरात मी मरेन," बायजा म्हणाली.

"सहा वर्षांत ते नाही मेलं. तू काय मरतेस."

सान्वी जेवायला न थांबता गेली. ऐश्वर्याने भात टाकला, पण भांडी जरा जोरात ठेवली. पुढे यावरून बरंच होणार होतं, हे बायजाला दिसत होतं, आणि आपल्याला त्यात तोंड द्यायचंय हेही.

दुपारी तिने टोपली घासून दिली. सुदेशने नवं शेवाळ भिजवलं, सालीचे तुकडे घातले, उरलेलं झाड त्यात बसवून सुतळीने बांधलं. त्याला वजन उचलायची मनाई होती, म्हणून टोपली तिने टांगली. खाली मांडणीवर पाणी ठिबकेल म्हणून देव वीतभर सरकवले. मग तो कागद पुढे केला आणि शेवटची ओळ खोडायला सांगितली, आता मीच बघायचंय तर हात लावू नये कसं चालेल.

"ती राहू दे," सुदेश म्हणाला.

बायजाने कागद भिंतीला चिकटवला. तिला माफीचे शब्द अजून सापडले नव्हते.

"फूल आता कधी?" तिने विचारलं.

"यंदाचं गेलं. पुढल्या फेब्रुवारीत, धरलं तर."

"आणि नाही धरलं तर?"

"तर त्याच्या पुढल्या वर्षी. तुला कुठे जायची घाई आहे?"

टिटवाळ्याहून निघाल्यापासून बायजा एकेक रात्र मोजत होती. आजची झाली, उद्याचं काय, असं. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि बॅगेत उगाच काहीतरी शोधत राहिली, नाक ओढलं, मग स्वेटर घातला, वर कानटोपी चढवली.

"लाव तुझा तो एसी," ती म्हणाली. "आणि खिडकी बंद कर. हवा बाहेर जातेय."